रस्ता कोणाचा?

मुंबई बेट आणि साष्टी बेट यांच्यामध्ये माहीमची खाडी पसरलेली आहे. या खाडीच्या उत्तर तीरावर वांद्रे वसले आहे. आज खाडीवरून मोटारी क्षणार्धात पलीकडे निघून जातात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वांद्र्याहून माहीमला जावयाचे म्हणजे होडीचाच आधार घ्यावा लागे. पावसाळ्यात खाडी खवळे, होड्या उलटत आणि माणसे प्राणांस मुकत. लोकांची ही विपत्ती पाहून लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी सुमारे दीड लाख रुपयांची देणगी दिली. या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाकडूनही कर घेऊ नये, एवढीच त्यांची अट होती. १८४५ साली खाडीवरचा रस्ता तयार झाला. पायी चालणारा मजूर, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, बैलगाडीवान, सर्वांनाच तो सारखा खुला होता.

माणसांचे प्राण वाचावेत, म्हणून हा रस्ता बांधला गेला. आज मात्र मोठ्या शहरांतील रस्ता हीच जणू एक खाडी होऊन बसली आहे. सकाळच्या वेळी वांद्रे स्थानकाच्या पश्चिमेस उभे राहिले असता हे सहज ध्यानात येते. लोकलमधून उतरलेला जनसमुदाय बाहेर लोटतो. रिक्षा, बेस्टच्या बसगाड्या, मोटारी व दुचाकी यांची एकच गर्दी उसळते. दप्तर पाठीवर घेतलेली मुले आणि काठी टेकीत चालणारे आजोबा रस्त्याच्या कडेला ताटकळत राहतात. पदपथावर कोठे वाहन उभे असते, कोठे मालाची खोकी रचलेली असतात, कोठे लादीच उखडलेली असते. मग चालणारा नाइलाजाने खाली उतरतो आणि वाहनांच्या प्रवाहात सापडतो.

याच वांद्र्यात निराळे चित्रही दिसते. रनवार, चुईम, पाली ही येथील जुनी गावठाणे. त्यांच्या गल्ल्या अरुंद व वळणावळणाच्या आहेत. तेथे वाहनचालकाला दूरवरचे दिसत नाही, म्हणून तो आपोआपच सावकाश जातो. मोठा, सरळ व रिकामा रस्ता मात्र चालकाला वेगाचा मोह घालतो. तेव्हा रस्त्याची घडण जशी असते, तसेच त्यावरील माणसांचे वर्तन होते. रस्ते सुधारणाऱ्या तज्ज्ञांच्या विचाराचा पाया हाच आहे.

या विचाराची निकड किती आहे, हे एका आकड्यावरून कळून येईल. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. म्हणजे दर दिवशी सुमारे नव्वद पादचाऱ्यांचा बळी गेला. शाळेचे दोन भरलेले वर्ग डोळ्यांपुढे आणले, की या संख्येचा अर्थ मनाला भिडतो.

अपघातात वेगाचे कार्य कसे घडते, ते गणिताने समजून घेता येते. समोर अकस्मात एखादे मूल आले, तर ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चालकाचा सुमारे एक सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार त्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर थांबण्यास तिला आणखी तितकेच अंतर लागते. तीच मोटार ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर सारे मिळून सुमारे १३ मीटरांत ती थांबते. आता मूल १५ मीटर अंतरावर आहे असे धरू. सावकाश येणारी मोटार त्याच्या अलीकडेच उभी राहील. वेगवान मोटारीचा ब्रेक मात्र नुकताच लागलेला असेल, आणि तोच ती मुलावर येऊन आदळेल. चालक दोन्ही वेळी तितकाच सावध होता. भेद केवळ वेगाचा होता.

मग सुरक्षित रस्ता कसा असावा? पहिली गोष्ट म्हणजे पदपथ सलग असावा. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार चालण्यासाठी निदान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट असावयास हवी. म्हणजे चाकांच्या खुर्चीतून जाणाऱ्यालाही समोरून येणाऱ्याला वाट देता येते. पदपथाची उंचीही १५ सेंटिमीटरांपेक्षा अधिक नसावी. पायरी फार उंच असली, तर वृद्ध माणसे पदपथ सोडून रस्त्यावरूनच चालू लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता ओलांडण्याचे अंतर कमी करणे. साधारण माणूस एका सेकंदात सुमारे १.२ मीटर चालतो. चौकातील रस्ता २४ मीटर रुंद असेल, तर तो ओलांडण्यास २० सेकंद लागतात. चौकाच्या कोपऱ्यांवर पदपथ थोडा पुढे वाढवून तेच अंतर १८ मीटर केले, तर १५ सेकंद पुरतात. मध्यभागी थांबण्यासाठी चौथरा बांधला, तर एका वेळी ९ मीटरच चालावे लागते. शिवाय कोपरा पुढे आल्यामुळे वळणाऱ्या वाहनाला वेग कमी करावाच लागतो. एकाच उपायाने असे दोन हेतू साधतात.

तिसरी गोष्ट सायकलींची. वेगवान रस्त्यावर केवळ रंगाची रेघ ओढून सायकलस्वाराचे रक्षण होत नाही. त्याची वाट आणि मोटारींची वाट यांच्यामध्ये उंचवटा, खांब किंवा झाडांची रांग असावी लागते.

असे बदल एकदम दगडमातीत करावयाचे, तर खर्च मोठा आणि चुकण्याचे भयही मोठे. म्हणून मुंबईत एक शहाणपणाची रीत अवलंबिली गेली. २०१५ नंतरच्या काही वर्षांत वांद्रे पश्चिमेचा एच. पी. पेट्रोल पंपाजवळचा चौक, मालाडचा मीठचौकी चौक अशा ठिकाणी आधी तात्पुरते प्रयोग झाले. रंगाचे पट्टे, नारिंगी शंकू आणि अडथळे मांडून पदपथाची व चौथऱ्यांची नवी आखणी करण्यात आली. अशा प्रयोगात वाहने कशी वळतात, माणसे कोठून जातात, याचे निरीक्षण करता येते. जे उपयोगी ठरते ते पक्के करावे, जे अडचणीचे ठरते ते पुसून टाकावे. शिंप्याने कापड बेतण्यापूर्वी खडूच्या खुणा कराव्यात, तसाच हा प्रकार होय.

मात्र सारेच प्रयत्न सफल होतात असे नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास कोट्यवधी रुपये खर्चून सुमारे १३ किलोमीटर लांबीची सायकलवाट बांधण्यात आली. थोड्याच काळात तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि सायकलींची वाट वाहनतळ होऊन बसली. वांद्रे पूर्वेस २००८ साली मुंबईतील पहिला स्कायवॉक उभारला गेला. गर्दीच्या वेळी हजारो लोकांना त्याचा आधार झाला. पण गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना त्याचे जिने कसे चढवणार? पुढे तो धोकादायक झाल्यामुळे २०१९ साली बंद करावा लागला. या दोन्ही उदाहरणांपासून बोध घेण्यासारखा आहे. जी वाट बांधली, ती राखलीही पाहिजे. आणि दुबळ्यातील दुबळ्या माणसाला जी वाट चालता येते, तीच खरी सर्वांची वाट.

लोकांनी मनावर घेतले तर काय घडू शकते, याची चुणूक वांद्रेकरांनी २०१४ साली पाहिली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नागरिकांच्या पुढाकाराने वांद्रे ते सांताक्रूझ या टापूतील लिंकिंग रोड व स्वामी विवेकानंद मार्ग यांचा काही भाग रविवारी सकाळी मोटारींना बंद ठेवण्यात येऊ लागला. जेथे एरवी पाऊल टाकण्याची धास्ती, तेथे मुले सायकली फिरवू लागली. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात अशी प्रथा १९७४ पासून चालू आहे.

युरोपातील नेदरलँड्स देशाची गोष्ट तर फारच उद्बोधक आहे. आज तो देश सायकलींसाठी विख्यात आहे; परंतु १९७१ साली तेथील रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मरण पावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. व्हिक लांगनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगीही अशीच दगावली. त्याने १९७२ साली कळकळीचा लेख लिहिला. देशभरातील आईबाप एकत्र आले, मुलेही रस्त्यावर उतरून खेळण्यासाठी सुरक्षित जागा मागू लागली. हळूहळू सरकारने रस्त्यांची घडण बदलली. अलीकडच्या वर्षांत तेथे वर्षाकाठी होणारे अपघाती मृत्यू सातशेच्या आसपास आले आहेत. हे यश काही एका दिवसात आलेले नाही. त्यामागे अर्ध्या शतकाची चिकाटी आहे.

आपल्याकडेही पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बसण्याच्या जागा केल्या गेल्या. अशा बदलांना विरोधही होतो. दुकानदाराला वाटते, गाडी लावण्यास जागा राहिली नाही, तर गिऱ्हाईक येणार नाही. फेरीवाल्याला पोटाची चिंता असते. मोटारवाल्याला कामावर वेळेवर पोचावयाचे असते. यांपैकी कोणाचीही चिंता खोटी नाही. म्हणूनच सर्वांना एकत्र बसवून जागेची न्याय्य वाटणी करणे हे नगराचे कर्तव्य ठरते. ती वाटणी करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. मोटारवाला गाडीतून उतरला, की तोही पादचारीच होतो.

खाडीत माणसे बुडत होती, तेव्हा ‘नशीब’ म्हणून स्वस्थ न बसता कोणीतरी रस्ता बांधला. आज रस्त्यावर माणसे मरतात, तेव्हाही त्याला नशीब म्हणणे योग्य नव्हे. शाळेत निघालेले मूल संध्याकाळी सुखरूप घरी परतते की नाही, यावरूनच नगराच्या रस्त्यांची परीक्षा व्हावयास हवी.

स्वाध्याय
१. माहीमच्या खाडीवरील रस्ता बांधण्याची आवश्यकता का निर्माण झाली?
२. गावठाणातील गल्ल्यांत वाहने सावकाश का जातात?
३. ‘रस्ता हीच जणू एक खाडी होऊन बसली आहे,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. आपल्या शाळेसमोरील रस्त्याचे निरीक्षण करा. तो ओलांडण्यास किती सेकंद लागतात ते मोठ्या माणसांच्या सोबतीने मोजा आणि दोन सुधारणा सुचवणारे पत्र नगरपालिकेस लिहा.