परसांतील भाजी: आधीं पाणी मोजावें

कोलाडच्या आसपास ज्यांच्या घरामागें गुंठा-अर्धा गुंठा मोकळी जागा आहे, त्यांपैकीं पुष्कळांचा प्रश्न एकच असतो: परसांत लावावें काय? बियाण्याच्या पुडीवरील चित्र पाहून ही निवड करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ती पाण्यावरून करावी. येथें आषाढांत पाणी नको इतकें असतें, आणि चैत्रांत तें हंड्यानें मोजावें लागतें.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या भागांत पावसाळी कोबी, टोमॅटो व कोथिंबीर यांचा नाद सोडावा, मुळें कुजतात. त्याऐवजीं मृगाच्या आरंभीं शिराळें, पडवळ, कारलें व काकडी यांचें बीं उंचवट्यावरील आळ्यांत टोंचावें आणि मांडव करावा. लोंबतें फळ चिखलास लागत नाहीं. पडवळाच्या टोंकास लहानसा दगड बांधण्याची जुनी रीत चांगली आहे, फळ सरळ येतें. कारल्याची ‘कोंकण तारा’ ही जात दापोलीच्या कृषि विद्यापीठानें (स्थापना १९७२) याच हवामानासाठीं काढलेली आहे. श्रावणांत बाजारची भाजी महाग होते, व धाटावच्या कारखान्यांत रोजावर जाणाऱ्याच्या घरीं ती रोज विकत घेणें जड जातें. अशा घरास या मांडवाचा मोठा आधार आहे. टाकळा, कुर्डू, शेवळें यांस मात्र जागा अडवूं नये. त्या रानभाज्या डोंगरावरच्या बाया बाजारांत आणतात.

आंब्या-फणसाच्या सावलींत भेंडी रुजवून ती फळत नाहीं म्हणून कुरकुरण्यांत अर्थ नाहीं. तेथें सुरण, हळद व आलें लावावें. मोरीच्या पाण्याशीं अळू.

खरा घोटाळा हिंवाळ्यांत होतो. जानेवारींत पाणी पुरतें, म्हणून सबंध गुंठा वांगीं, मिरची, टोमॅटो यांनीं भरला जातो. एप्रिलांत विहीर तळ गांठते. भिऱ्याच्या वीजगृहांतून सुटलेलें पाणी कुंडलिकेंत येतें व डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जातें हें खरें. परंतु कालवा शेतांसाठीं आहे, परसापर्यंत तो क्वचितच पोंचतो. महसुली कारकुनींत आमचें आयुष्य गुंठ्यांचे हिशेब करण्यांत गेलें, म्हणून एक हिशेब येथेंही मांडतों. उन्हाळ्यांत एक चौरस मीटर भाजीस रोज सुमारें ५ लिटर पाणी लागतें. गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. म्हणजे सबंध गुंठ्यास रोज ५०० लिटर. घरच्या वापरांतून १२५ लिटर पाणी परसाकडे येत असेल, तर त्यावर २५ चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठाच जगेल.

तेव्हां जानेवारींतच दोरी धरून पाव गुंठा आंखावा. मेपर्यंत तोडा देणारीं मिरची व वांगीं तेवढ्यांतच असावींत. बाकीच्या तीन हिश्शांत मुळा, मेथी, माठ अशा भाज्या घ्याव्या. त्या महिना-दीड महिन्यांत निघून जातात आणि पाणी आटण्यापूर्वीं जमीन मोकळी होते. साबणाचें पाणी पालेभाजीस घालूं नये, केळीच्या आळ्यांत सोडावें. वालासही परसांत जागा देऊं नये. भात कापल्यावर खाचरांतील ओलीवर तो आपसूक पोसतो. ज्यांस खाचर नाहीं, त्यांनीं कुंपणावर घेवडा चढवावा.

आणखी एक. बीं आणणारा बहुधा पुरुष असतो, आणि हंडे वाहणारी बहुधा घरची बाई. कोणती भाजी लावावयाची व किती, हें तिला विचारल्यावांचून ठरवूं नये. किती पाणी उरतें तें तिलाच ठाऊक असतें.

गांवठी वेलांवर एकेक निरोगी फळ शेवटपर्यंत पिकूं द्यावें, व त्याचें बीं वाळवून राखेंत घोळून ठेवावें. संकरित जातीचें बीं असें धरूं नये; पुढील पीक मूळ जातीसारखें उतरत नाहीं.