बुटाने पोटऱ्या घडतात?

रीबॉकच्या ‘ईझीटोन’ बुटांची जाहिरात सांगे, नुसते चाला, नितंबांचे स्नायू २८ टक्के जास्त बळकट होतील. (तीस म्हटले असते तर कोणाला खरे वाटले नसते.) अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला मात्र पुरावा अपुरा वाटला. २०११ मध्ये कंपनीने ग्राहकांच्या परताव्यासाठी २.५ कोटी डॉलर मोजले. पुढच्याच वर्षी तशाच ‘शेप-अप्स’ बुटांपायी स्केचर्सने ४ कोटी. त्याच सुमारास उलटी लाटही होती. पाच बोटांचे, अनवाणी चालल्यासारखे वाटणारे व्हिब्रमचे बूट गाजत होते. त्यांच्या दाव्यांवरचा खटलाही २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरवर मिटला.

अलिबाग किंवा काशिदच्या किनाऱ्यावर यातले काहीच विकत घ्यावे लागत नाही. बेल्जियममधल्या १९९८ च्या अभ्यासानुसार सुट्या वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. पाय रुततो, वाळू सरकते, मेहनत तिथेच जिरते. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे जाताना लागणारी ओली, घट्ट वाळू त्यामानाने सोपी. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. टाच दुखत असेल तर सुटी वाळू टाळा. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालूच नये, शिंपल्याने कापलेलेही कळत नाही.