व्हॉलीचा कायापालट आणि टोळ्यांच्या गोळ्या

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या आग्नेयेला, फ्रेझर नदीपलीकडे सरे हे शहर आहे. २०२१च्या जनगणनेत तिथे ५,६८,३२२ लोक राहत होते. त्यातला व्हॉली हा भाग बरीच वर्षं बदनाम होता: पडीक प्लॉट, अमली पदार्थ, वेश्याव्यवसाय. १९९४ साली स्कायट्रेन ही शहरी रेल्वे इथवर आली. पुढे जुन्या मॉलवर सेंट्रल सिटीचा टॉवर चढला आणि सायमन फ्रेझर विद्यापीठाचा परिसर आला. २०११ मध्ये मोठं ग्रंथालय उघडलं, २०१४ मध्ये महापालिकेचं मुख्यालयच तिथे हललं. आता व्हॉली म्हणजे ‘सिटी सेंटर’. पण ग्रंथालय उघडून मुख्यालय बांधून होत आलं होतं, त्याच २०१३ साली सरेत २५ खून झाले. तोवरच्या इतिहासातला तो उच्चांक होता. गरीब वस्ती नव्याने बांधली की हिंसा कमी होते, असं मानणाऱ्यांनी हा आकडा आधी समोर ठेवावा.

मात्र त्यावरून नूतनीकरण निरुपयोगी ठरत नाही. काही हिंसा जागेला चिकटलेली असते. अंधारी गल्ली आणि ओसाड प्लॉट तिला आडोसा देतात, हत्यार लपवायला जागा देतात. फिलाडेल्फियात संशोधकांनी ५४१ ओसाड प्लॉट घेतले आणि त्यांतले कोणते सुधारायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. कचरा उचलला, गवत आणि झाडं लावली, ठेंगणं कुंपण घातलं. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत अशा जागांभोवतीची बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली, आणि ती शेजारच्या गल्लीत सरकल्याचं दिसलं नाही. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये २००४ पासून डोंगरावरच्या गरीब वस्त्यांना रोपवेने शहराशी जोडलं, सोबत दिवे, पायवाटा, ग्रंथालयं दिली. तुलनेच्या इतर वस्त्यांपेक्षा तिथे खून बरेच जास्त घटले. दोन्हीकडे आधीचेच रहिवासी तिथे राहिले, हे मला इमारतींपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

सरेतली सर्वांत भीषण हिंसा मात्र जागेला चिकटलेली नव्हती. १९ ऑक्टोबर २००७ रोजी सहा जणांना गोळ्या घातल्या गेल्या, त्या कुठल्या पडक्या घरात नव्हे, तर व्हॉलीतल्याच बाल्मोरल टॉवरच्या पंधराव्या मजल्यावर. त्यातल्या दोघांचा टोळ्यांशी काडीचाही संबंध नव्हता. एक गॅसची शेकोटी तपासायला आलेला कारागीर, दुसरा शेजारी. इथला अमली पदार्थांचा धंदा फोनवर मागणी घेऊन गाडीने माल पोचवतो. त्याला नाका लागत नाही, अंधारही लागत नाही. शिवाय सरे ज्या प्रांतात आहे, त्या ब्रिटिश कोलंबियातल्या टोळ्यांत खात्यापित्या घरांतली मुलंही सापडतात. तिथे फुटपाथ रुंद करून काय होणार?

यावर आक्षेप येतो की नूतनीकरण म्हणजे गरिबांना हुसकावणं, आणि गुन्हा त्यांच्या मागोमाग जातो. आक्षेपात तथ्य आहे, पण सगळीकडे नाही. व्हॉलीतल्या १३५-ए स्ट्रीटवर बेघरांच्या तंबूंची रांगच लागली होती. जून २०१८ मध्ये त्या लोकांना जवळपासच उभारलेल्या १६० तात्पुरत्या घरांत हलवलं, नुसतं पिटाळलं नाही. बेघरपणा संपला नाही, पण तंबूंचा तो रस्ता मोकळा झाला. घर न देता तंबू उठवले असते, तर आक्षेप शब्दशः खरा ठरला असता. दुसरा आक्षेप मुंबईकर घेतील: गिरणगावात मॉल आले आणि टोळीयुद्ध थांबलं की! गिरणगावातल्या टोळ्यांना १९८२च्या संपानंतरच्या बेकारीने मुलं पुरवली होती. टोळ्यांची कंबर मात्र मोडली पोलिसांनी आणि १९९९च्या मोक्का कायद्याने. त्याचं श्रेय काचेच्या इमारतींना देणं म्हणजे मागाहून आलेल्याला यजमान म्हणणं.

सरेचंच पुढचं पाहा. २०२३च्या अखेरीपासून तिथल्या दक्षिण आशियाई व्यावसायिकांना खंडणीच्या धमक्या येऊ लागल्या, काहींच्या घरांवर आणि दुकानांवर गोळीबार झाला. धमकी फोनवर येते, वस्ती जुनी की नवी हे ती विचारत नाही. तिच्यावर उपाय तपासाचा आहे, आणि टोळीच्या वाटेवरच्या मुलांना शाळेतच गाठण्याचा. २००९ पासून सरेच्या शाळा आणि पोलीस मिळून ‘रॅप’ हा तसा कार्यक्रम चालवतात. दिवे आणि घरं यांवर महापालिकेने जरूर खर्च करावा. पण टॉवरचं उद्घाटन करताना कोणी टोळ्या संपवण्याचं श्रेय घेऊ लागला, तर त्याच्याकडे २०१३चा हिशेब मागावा.