नीरेच्या पाण्याचे सूत्र आणि उलटी तिरपी रेघ

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील उसाच्या फडांना १८८५ च्या सुमारापासून पाणी पुरविणारा नीरा डावा कालवा हा पाटकऱ्याच्या दफ्तरात पाळ्यांचा आणि आवर्तनांचा विषय असला, तरी अभियंत्याच्या कागदावर तो एका सूत्रात मावतो. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने १८८९ साली मांडलेल्या त्या सूत्राप्रमाणे पाण्याचा वेग हा पात्राच्या खडबडीतपणाच्या अंकाशी व्यस्त, आणि जलीय त्रिज्येच्या दोन-तृतीयांश घाताशी व उताराच्या वर्गमुळाशी सम प्रमाणात असतो. हे वाक्य वाचताना दम लागतो; सूत्र मात्र एका नजरेत उमगते, कारण तेथे अंश छेदाच्या डोक्यावर आणि घातांक अक्षराच्या खांद्यावर बसलेला असतो. प्रवाहाचा हिशेब करणारी संगणकीय आज्ञावली जो रचतो, त्याला तिच्या माहितीपुस्तिकेत सूत्राचा हाच थाट राखावयाचा असतो, आणि कळफलकावर उमटते ती केवळ एक सरळ ओळ.

यावरील तोडगा संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या नाराजीतून निघाला. १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्यापुढे आली, तेव्हा शिशाच्या खिळ्यांच्या पूर्वीच्या छपाईपुढे ती प्रकाशजुळणी त्यांना इतकी हिणकस वाटली, की ग्रंथ बाजूस ठेवून त्यांनी 'टेक्' ही जुळणीची आज्ञावलीच रचावयास घेतली. पुढे तिच्यावर उभारलेल्या 'लाटेक्'मध्ये अपूर्णांक हवा असल्यास उलटी तिरपी रेघ, तिला लागून 'फ्रॅक' हा हुकूम, मग एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद.

खरी गंमत पुढेच आहे. पायथन भाषेत आज्ञावलीची माहिती त्याच फाइलीत, अवतरणचिन्हांत लिहिण्याचा प्रघात आहे, आणि २००८ पासून प्रचारात आलेली 'स्फिंक्स' ही आज्ञावली ती उचलून पुस्तिकेची पाने बांधते. परंतु स्फिंक्सच्या हाती पडण्यापूर्वी मजकूर पायथनच्या नजरेखालून जातो, आणि त्या दरबारी तिरप्या रेघेचा अंमल निराळाच: तिच्यापुढे 'एफ' आला की नव्या पानाची खूण, 'टी' आला की टॅबची मोकळी जागा. 'फ्रॅक'चा मग 'रॅक' तेवढा उरतो, आणि दोन्ही खुणा पायथनला कायदेशीर असल्याने तो ब्रही काढीत नाही. अवतरणापूर्वी 'आर' हे एक अक्षर घातले, की मजकूर जसाच्या तसा पुढे रवाना होतो.

ही कटकट टाळण्यासाठी सूत्राचे चित्रच चिकटविणारे पुष्कळ आहेत; ते मला पसंत नाही, कारण चित्रातले सूत्र शोधता येत नाही, अंधांच्या वाचकयंत्राला ते मुके राहते, आणि उद्या एक अंक बदलला तर चित्र पुन्हा काढावे लागते. मात्र जुळणी निर्दोष झाली तरी सूत्राखाली एककांची नोंद हवीच: मॅनिंगच्या सूत्रात खडबडीतपणाच्या अंकाच्या डोक्यावर बसणारा एक हा मीटरच्या हिशेबातला आहे, आणि इंग्रजी अमदानीतल्या कालव्यांची मापे फुटांत असल्याने तेथे त्या एकाच्या जागी १.४९ लिहावे लागतात.