दिंडीच्या टाकीत कुठलं पाणी?

आषाढी वारी म्हटलं की पताका, तुळशी वृंदावनं, टाळ-मृदंग डोळ्यांपुढे येतात. दिंडीचा ट्रक आणि त्याच्या जोडीला असलेला पाण्याचा टँकर सहसा कुणाच्या कवितेत येत नाही. माझ्याही आलेला नाही. पण आळंदीहून निघालेली दिंडी पंढरपूरला पोचेपर्यंत अडीच-तीन आठवडे रस्त्यावर असते, आणि एकेका दिंडीत दोनशे-तीनशे माणसं सहज असतात. माणसं पायी चालतात, वाहनं पुढे जाऊन राहुट्या उभारतात. त्या वाहनावरची टाकी वाटेत पुन्हा पुन्हा भरावी लागते. ती कुठून भरायची, एवढाच आजचा विषय.

एखाद्यानं तहान लागली म्हणून ओढ्यावर ओंजळ भरली, तर जे व्हायचं ते त्याचं एकट्याचं होतं. टाकीचं तसं नाही. तिथे एकानं पाइप टाकलेला असतो आणि पितात सगळे.

सगळ्यात आधी दिसते ती नदी. इंद्रायणी, मुठा, कऱ्हा, नीरा, सगळ्या वाटेत आहेत. वाहतं पाणी चांगलं, हा आपला जुना समज. पण वाहतं पाणी वरच्या गावाचं सगळं घेऊन खाली येतं. इंद्रायणी आळंदीला पोचते ती पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटावर नदीला पांढरा फेस आलेला वारकऱ्यांनी पाहिला आहे. कारखान्याच्या रसायनांवर ना क्लोरीन चालतं, ना उकळणं. जंतू मरतात, रसायन राहतं.

इथे कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. आमच्याकडे वजूसाठी पाणी पाक असावं लागतं, आणि समुद्राचं पाणी पाक मानलं आहे. त्यानं वजू होतो, पण ते कुणी पीत नाही. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, ती नदी पवित्रच आहे. पिण्याची टाकी भरण्याचा हिशेब निराळा.

त्यात वारी येते पावसाच्या तोंडाशी. पहिला जोराचा पाऊस आठ महिन्यांची घाण धुऊन ओढ्यात, नदीत आणि कठडा नसलेल्या विहिरीत नेऊन घालतो. काल चांगली असलेली विहीर आज तशी असेलच असं नाही.

फलटणच्या पुढे, नातेपुते-माळशिरसकडे, नीरा उजव्या कालव्याचं पाणी भुरळ घालतं. काठोकाठ वाहणारं, मोटर टाकली की दहा मिनिटांत टाकी भरते. पण त्याच कालव्यात गुरं उतरतात, धुणी होतात. कालव्याखालच्या उसाच्या रानातल्या विहिरींत खतांचा अंश उतरतो, आणि पाणी उकळून तो कमी होत नाही. पाणी आटतं तसा उलट दाट होतो. शेततळं आणि खडी काढलेल्या खाणीचं डबकं तर विचारातच घेऊ नये.

मग भरायचं कुठून? गावच्या नळयोजनेचं पाणी पहिलं. पालखी मार्गावर वारीच्या आधी आरोग्य खात्याची माणसं विहिरी तपासतात, शुद्धीकरण करतात. टँकर भरण्याच्या जागाही ठरवून दिलेल्या असतात. त्या विचारून घ्याव्यात. आपल्याकडे पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं आणि हिरवं कार्ड देतात, तेही विचारायला हरकत नाही. ते जमलं नाही तर हातपंप. अगदी नाइलाज झाला तर बांधलेली, कठड्याची विहीर, आणि तिच्यापासून पन्नास फुटांत शौचालयाचा खड्डा किंवा उकिरडा नसावा.

स्वच्छ दिसतंय ना, मग काय होतंय, असं म्हणणारा एक जण प्रत्येक दिंडीत असतो. त्याला कावीळ समजावून सांगावी. गॅस्ट्रो लवकर कळतो, माणूस त्याच मुक्कामात आडवा होतो. दूषित पाण्यातून येणारी कावीळ मात्र दोन आठवड्यांपासून थेट दोन महिन्यांपर्यंत केव्हाही उमटते. तोवर वारी संपलेली असते, म्हातारी आपल्या गावी पेरणीच्या कामाला लागलेली असते. डोळे पिवळे झाले तरी वाटेतल्या टाकीची आठवण कुणाला होत नाही. म्हणून तर टाकीवाल्याला आपलं पाणी चांगलंच होतं असं वर्षानुवर्षं वाटत राहतं. यातल्या ‘ई’ प्रकारच्या काविळीत गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतं.

पाणी कुठूनही घेतलं तरी क्लोरीन हवंच. ग्रामपंचायत वापरते ती टीसीएल पावडर, चांगली असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम. म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरला पंचवीस ग्रॅम. पावडर थेट टाकीत झोकू नये. बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी टाकीत ओतावी. टाकी अर्धी भरल्यावर ओतली की पुढच्या पाण्याबरोबर ती चांगली मिसळते. मग अर्धा तास तोटी उघडायची नाही. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते, तिचा भरवसा धरू नये.

गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. तुरटी फिरवावी म्हटलं, तर चालत्या गाडीत गाळ बसणार कसा? तेव्हा गढूळ पाणी मुक्कामाला वेगळ्या पिंपात रात्रभर निवळू द्यावं, तुरटी तिथे फिरवावी, आणि क्लोरीन सकाळी टाकीत घालावं.

पाइपाचं तोंड दिवसभर चिखलात लोळत असेल तर या सगळ्याचा काही उपयोग नाही. भाड्यानं आणलेला टँकर आधी कशासाठी वापरला होता, हे विचारून, आतून घासून मगच भरावा. पाणी तोटीनंच घ्यावं, झाकण उघडून तांब्या बुडवू देऊ नये. आणि दिंडीतल्या एखाद्या शाळकरी पोराच्या हाती ओटी टेस्टची छोटी बाटली द्यावी. थोड्या पाण्यात तिचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. पिवळं नाही झालं, तर पुन्हा निवळी ओतून अर्धा तास थांबायचं. तपासलेलं पाणी मात्र टाकीत परत ओतायचं नाही, रस्त्याच्या कडेला फेकून द्यायचं.