परिचारिकेची सावध नजर

मेंदूच्या विकारात रोग्याची प्रकृती पुष्कळदा चोरपावलांनी पालटते. सकाळी नीट उत्तरे देणारा रोगी दुपारी दोनदा विचारल्यावाचून बोलत नाही. एका डोळ्याची बाहुली दुसरीहून किंचित मोठी दिसू लागते. डॉक्टरांची फेरी दिवसातून एकदोनदा होते. परिचारिका मात्र अष्टौप्रहर रोग्याजवळ असतात. साहजिकच असे बदल प्रथम त्यांच्याच ध्यानी येतात.

ही नजर अधिकृत मोजमापात बसविली ती ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट ह्या शल्यविशारदांनी, १९७४ साली. डोळे उघडण्यास ४, बोलण्यास ५ व हालचालीस ६ असे जास्तीत जास्त १५ गुण; कमीत कमी ३. गुण उतरू लागले की धोका जवळ आला, हे परिचारिका व डॉक्टर एकाच भाषेत सांगू लागले.

परंतु परिचारिकेने केवळ सांगावे, की उपचारही ठरवावेत? अमेरिकेत ह्या प्रश्नाला १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात उत्तर मिळाले. लोरेटा फोर्ड ह्या परिचारिकेने व हेन्री सिल्व्हर ह्या बालरोगतज्ज्ञांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’चे पहिले शिक्षण तेथे सुरू केले. ग्रामीण भागात डॉक्टरांची उणीव फोर्डबाईंनी स्वतः पाहिली होती. आरंभी पुष्कळ परिचारिकांनीच ह्या कल्पनेला विरोध केला. तथापि ती रुजली. फोर्डबाई २०२५ साली वयाच्या १०४ व्या वर्षी निवर्तल्या.

हा मार्ग लांबचा आहे. प्रथम परिचर्येची पदवी व नोंदणी. मग बहुधा काही वर्षे प्रत्यक्ष सेवा. नंतर पदव्युत्तर शिक्षण, राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. शिक्षण सामान्यतः कौटुंबिक वा प्रौढ रुग्णसेवेचे असते. अपस्मार, कंपवात, पक्षाघात ह्यांचे विशेष ज्ञान बरेचसे रुग्णालयातच, तज्ज्ञांच्या सहवासात मिळवावे लागते. मग ती रोग्यास तपासते, चाचण्या सांगते, औषधेही लिहून देते. काही राज्यांत त्यासाठी डॉक्टरांशी करार आवश्यक असतो.

भारतातही वाट मोकळी होत आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. परिचर्या शिकू इच्छिणाऱ्या कन्येस ‘हे केवळ सेवेचे काम’ असे सांगणाऱ्या पालकांनी ह्याचा विचार अवश्य करावा.

आणि सावध नजर घरातही हवी. कोणाचे तोंड अकस्मात वाकडे झाले, एका हातातील बळ गेले वा वाचा अडखळली, तर घड्याळ पाहून तत्काळ रुग्णालय गाठावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणूनच तेथे पहिला प्रश्न असतो: हे केव्हा सुरू झाले? त्याचे उत्तर घरच्या माणसांनीच द्यावयाचे असते.