श्वास सोडून बुडी मारणारा सील

घड्याळ समोर ठेवा आणि श्वास रोखून पाहा. मिनिटभरातच जीव कासावीस होतो ना? बुडी मारण्यापूर्वी आपण छातीत भरपूर हवा भरून घेतो. अंटार्क्टिकाच्या समुद्रातील वेडेल सील मात्र श्वास बाहेर सोडून बुडी मारतो, आणि तासाभराहूनही अधिक काळ पाण्याखाली राहू शकतो! हे कसे घडते?

सील, देवमासा, डॉल्फिन हे सस्तन प्राणी आहेत. माशांसारखे कल्ले त्यांना नसतात. श्वासासाठी पाण्याबाहेर यावेच लागते. 1960 नंतरच्या दशकात जेराल्ड कूयमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सीलच्या अंगावर खोली नोंदणारे छोटे उपकरण बसवले. सील 600 मीटरपर्यंत खोल जातो, असे त्यातून दिसून आले.

पाण्यात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे 600 मीटरवर तो सुमारे 60 पट होतो. एवढ्या दाबाखाली फुप्फुसांतील हवेतला नत्रवायू रक्तात विरघळला, तर वर येताना सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखे रक्तात बुडबुडे उठतील. हवा आधीच सोडल्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. देवमासे व डॉल्फिन श्वास घेऊन बुडतात. पण खोलवर त्यांचीही फुप्फुसे दबून मिटतात, आणि हवा श्वासनलिकेकडे ढकलली जाते. तेथून ती रक्तात सहसा शिरत नाही.

मग प्राणवायूची शिदोरी असते कोठे? सीलच्या एकूण साठ्यापैकी जेमतेम 5 टक्के फुप्फुसांत असतो. सुमारे दोन-तृतीयांश रक्तात आणि उरलेला स्नायूंत असतो. वजनाच्या मानाने त्याचे रक्त आपल्या जवळजवळ दुप्पट असते. स्नायूंत मायोग्लोबिन हे प्राणवायू धरून ठेवणारे प्रथिन इतके असते, की त्याचे मांस काळपट दिसते. बुडी मारताच हृदयाचे ठोके मंदावतात. रक्त मुख्यतः मेंदू व हृदय यांच्याकडे वळते, आणि शिदोरी काटकसरीने वापरली जाते.

पण शिदोरी केव्हातरी संपणारच. म्हणूनच जाळ्यात अडकलेला डॉल्फिन पाण्यातच गुदमरून मरतो. वेडेल सीलच्या डोक्यावर तर गोठलेल्या समुद्राचे छत असते. श्वासाचे भोक बुजू नये म्हणून तो दातांनी बर्फ खरवडत राहतो. वर्षानुवर्षे खरवडून दात झिजतात. ते पार झिजले, की भोक उघडे ठेवणे अवघड होते, आणि 600 मीटर खोल जाणाऱ्या या पाणबुड्याचे आयुष्य वरच्या हातभर बर्फाने संपते.